उंबरठ्यावरचें वर्ष

सातव्या शतकांत भारतांत आलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूनें नालंदा विद्यापीठाचें जें वर्णन करून ठेविलें आहे, त्यांत तेथील द्वारपालाची एक गोष्ट येते. बाहेरून येऊन प्रवेश मागणाऱ्याला हा द्वारपाल दारांतच कठीण प्रश्न घाली, आणि दहांपैकीं सात-आठ जण तेथूनच परत फिरत. दारांत उभें राहून परीक्षा घेणारा हा पुरुष आपल्या विद्येच्या इतिहासांत असा फार जुना आहे. दारांत उभें राहून आंत येणाऱ्याचा हात धरणारा पुरुष मात्र फार अलीकडचा आहे. आणि खरें सांगावयाचें तर तो अद्यापि दारांत नीटसा उभा राहिला आहे कीं नाहीं, याचीच मला शंका आहे.

प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या पुरुषाचा शोध घ्यावयाचा आहे. शाळा सोडून महाविद्यालयांत येणाऱ्या मुलाला तेथील राहणी, वाचनाची रीत, भाषा, वेळेचा विनियोग आणि पुढच्या पोटापाण्याचा विचार हीं सारीं रीतसर शिकवावीं लागतात, तीं आपोआप येत नाहींत, ही कल्पना कोठें जन्मली, आमच्याकडे ती कोणत्या वाटेनें आली, आणि भंडाऱ्यासारख्या धानाच्या व तलावांच्या जिल्ह्यांत तिची काय गति झाली, हें पाहावयाचें आहे. विषय किरकोळ भासेल. 'पोराला कॉलेजांत घातलें, आतां तें आपलें शिकेल', असेंच आपण सारे पालक म्हणत आलों. परंतु तीस वर्षें पहिल्या वर्षाच्या वर्गापुढें उभा राहिल्यावर माझें मत असें बनलें आहे कीं, आमच्या उच्च शिक्षणांतली सर्वांत मोठी गळती शेवटच्या परीक्षेंत होत नाहीं; ती पहिल्या दोन महिन्यांत, कोणाच्या लक्षांतहि न येतां होते.

या कल्पनेचा जन्म अमेरिकेंत झाला. तरी मी आपला शोध मुद्दाम वरठीच्या स्टेशनापासून सुरू करतों. भंडारा शहरापासून सुमारें दहा किलोमीटरांवर असलेल्या या स्टेशनाला भंडारा रोड म्हणतात. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेची गाडी येथें थांबूं लागली, आणि या जिल्ह्यांतील इंग्रजी शिकलेल्या मुलांना नागपूर जवळ आलें. तत्पूर्वीं १८८३ सालीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं नागपुरास हिस्लॉप कॉलेज काढलें होतें आणि १८८५ सालीं मॉरिस कॉलेज निघालें होतें. तेव्हांपासून १९५८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाऊणशें वर्षें, भंडाऱ्याच्या मुलाला महाविद्यालय पाहावयाचें तर नागपूर गांठणें भाग होतें. शेतावरून गाडीबैल, गाडीबैलांतून आगगाडी, आणि आगगाडींतून उतरल्यावर एक अनोळखी शहर: मॅट्रिक आणि कॉलेज यांमधील अंतर त्या मुलाला अक्षरशः पायांखालून जात असे.

या मुलाला 'मार्गदर्शन' कोण करी? कॉलेज करीत नसे. आणि त्याचा कॉलेजला दोषहि देतां येत नाहीं, कारण मार्ग एकच होता. हीं कॉलेजें प्रथम कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलीं होतीं, मग अलाहाबादला. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें व सर बिपिन कृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरु झाले, तोंपर्यंत आमच्या मुलांचें भवितव्य शेंकडों मैलांवरच्या परीक्षकांच्या हातीं होतें. विषय बहुतेक ठरलेले असत. पुढचे धंदेहि ठरलेले: वकिली, मास्तरकी किंवा सरकारी कचेरी. जेथें निवडच नाहीं तेथें सल्ला कसला द्यावयाचा?

पण राहण्या-जेवण्याचा, वह्या-पुस्तकांचा, 'आपल्याला हें जमेल काय' या धास्तीचा प्रश्न होताच. तो सोडविला नात्यानें. मामाचें घर नागपुरांत असलें तर मुलगा मामाकडे राही. नसलें तर गांवच्या वकिलाची चिठ्ठी घेऊन जाई. कोणी वार लावून जेवी, कोणी जातीच्या वसतिगृहांत आसरा घेई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांना ना मामाचें घर होतें ना वकिलाची चिठ्ठी. त्यांच्यासाठीं नागपुरांत चोखामेळा वसतिगृह उभें राहिलें, आणि तेथें वरच्या वर्गांतील मुलानें खालच्या वर्गांतील मुलाला पुस्तक कसें वाचावें, अर्ज कसा लिहावा, साहेबापुढें कसें बोलावें हें सांगावें, हीच त्यांची शाळा झाली. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं निरनिराळ्या जातींसाठीं जीं वसतिगृहें काढलीं, त्यांचेंहि खरें मोल मला येथेंच दिसतें. तीं केवळ निजण्या-जेवण्याचीं ठिकाणें नव्हतीं. ज्या मुलाच्या घरांत कोणी कॉलेज पाहिलेलें नाहीं त्याला कॉलेज म्हणजे काय हें समजावून देणारे ते उंबरठे होते. थोडक्यांत, त्या काळीं ज्याला नातें होतें त्याला वाट होती. मार्गदर्शन ही विद्यापीठाची वस्तु नव्हती, ती घराण्याची मिरास होती.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें हा प्रश्न उघडा पडला तो निवड वाढल्यामुळें. १८६९ सालीं चार्ल्स एलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढील चाळीस वर्षांत त्यांनीं जुना ठराविक अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्यानें आपले विषय आपणच निवडावे अशी व्यवस्था रुजविली. स्वातंत्र्य मिळालें, आणि त्याबरोबर गोंधळहि आला. अठरा वर्षांच्या मुलानें शेंकडों विषयांच्या यादींतून कोणते घ्यावे आणि कां घ्यावे? तेव्हां १८८९ सालीं हार्वर्डनें नव्या विद्यार्थ्यांसाठीं सल्लागार प्राध्यापकांचें एक मंडळ नेमिलें. त्याच सुमारास, १८८८ सालीं, बॉस्टन विद्यापीठांत नवागतांसाठीं परिचयाचा वर्ग सुरू झाल्याची नोंद मिळते. १९११ सालीं ऑरेगन राज्यांतील रीड कॉलेजनें तर अशा अभ्यासक्रमाला रीतसर गुण देऊन त्याला इतर विषयांच्या पंक्तीस बसविलें. या तिन्ही घटना एकाच धाग्यांत ओंवलेल्या आहेत: जेथें निवड वाढते, तेथें सल्ला हा शिक्षणाचाच भाग होतो.

दुसरा धागा व्यवसायाचा. १९०८ सालच्या जानेवारींत फ्रँक पार्सन्स या गृहस्थानें बॉस्टनमध्यें तरुणांना धंदा निवडण्यास मदत करणारी एक कचेरी उघडली. त्याच वर्षीं तो वारला, आणि त्याचें पुस्तक पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झालें. त्याचें म्हणणें साधें होतें. माणसानें प्रथम स्वतःला ओळखावें, मग निरनिराळ्या धंद्यांच्या गरजा व फळें ओळखावीं, आणि नंतर या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. शंभरांहून अधिक वर्षें उलटलीं, व्यवसायमार्गदर्शनाचें शास्त्र वाढलें, चाचण्या निघाल्या, संगणक आले. परंतु या तीन पायऱ्यांची मांडणी अजून कोणी मोडलेली नाहीं.

तथापि या अमेरिकन अभ्यासक्रमांचा इतिहास सरळ चढणीचा नाहीं, आणि आम्हांला त्यांतून शिकण्यासारखें आहे तें उतरणीचेंच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत असे वर्ग पुष्कळ ठिकाणीं निघाले आणि साठाच्या सुमारास बहुतेक बंद पडले. त्यांत ग्रंथालय कोठें आहे, टिपणें कशीं काढावीं, एवढेंच सांगितलें जाई. प्राध्यापकांना वाटे हें आपलें काम नव्हे, आणि मुलांना वाटे यांत शिकण्यासारखें काय आहे. पुनरुज्जीवन झालें तें एका दंगलीमुळें. १९७० सालीं व्हिएटनाम युद्धाच्या काळांत दक्षिण कॅरोलिना विद्यापीठाचे विद्यार्थी खवळले आणि अध्यक्ष थॉमस जोन्स यांच्या कचेरीपर्यंत दंगल पोंचली. दुसरा कोणी असता तर त्यानें पोलीस वाढविले असते. या गृहस्थानें, आपल्या विद्यापीठाविषयीं मुलांना आपलेपणा कां वाटत नाहीं, असा प्रश्न स्वतःला विचारला. आणि १९७२ सालीं 'युनिव्हर्सिटी १०१' नांवाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांतील विशेष असा कीं, तो शिकविणाऱ्या प्राध्यापकांनाच आधीं, विद्यार्थ्याशीं बोलावें कसें, याचें शिक्षण देण्यांत आलें. पुढें जॉन गार्डनर यांच्या हाताखालीं तो इतका वाढला कीं जगभरच्या विद्यापीठांनीं त्याचा कित्ता गिरविला. नुसती माहिती देणारा वर्ग मेला आणि नातें जोडणारा वर्ग जगला, हें या इतिहासाचें सार होय.

आमच्याकडे हा विचार दुसऱ्याच दारानें आला. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठीं १९१७ सालीं नेमलेल्या सॅडलर आयोगानें स्पष्ट सांगितलें कीं, शाळा आणि विद्यापीठ यांमधील खरी सीमा मॅट्रिकला नसून इंटरमीजिएटला आहे. मॅट्रिक झालेला मुलगा विद्यापीठाच्या व्याख्यानपद्धतीला पिकलेला नसतो. त्याला मधल्या दोन वर्षांसाठीं निराळ्या संस्था हव्या, जेथें शाळेची जवळीक असेल आणि कॉलेजच्या स्वातंत्र्याची संवयहि लागेल. विद्यार्थ्यांच्या आरोग्याची व राहणीची काळजी वाहणारें मंडळ असावें, असेंहि त्या आयोगानें सुचविलें. म्हणजे 'जुळवून घेण्या'चा प्रश्न आमच्या शिक्षणवेत्त्यांना शंभर वर्षांपूर्वींच दिसला होता. त्यांनीं उत्तर मात्र असें दिलें कीं, मध्यें एक ओसरी बांधावी.

मध्यप्रांतांत ही ओसरी फार निकडीची होती, कारण येथें उंबरठ्यावर भाषेचा एक खड्डा होता. १९२२ च्या सुमारास या प्रांतानें हायस्कुलांत मातृभाषा हें शिक्षणाचें माध्यम केलें. पाऊल मोठें होतें आणि योग्य होतें. परंतु विद्यापीठ इंग्रजींतच राहिलें. त्यामुळें भंडाऱ्याच्या मन्रो हायस्कुलांतील जो मुलगा इतिहास मराठींत शिकून आला, तो नागपुरास पहिल्याच दिवशीं इंग्रजी व्याख्यानाखालीं दडपला जाई. बुद्धि तीच, इतिहास तोच. परंतु जूनपर्यंत हुशार ठरलेला मुलगा जुलईंत मठ्ठ ठरे. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठानें मराठी व हिंदी हीं माध्यमें स्वीकारण्याचा निश्चय केला, त्यामागें तत्त्वाइतकाच हा अनुभवहि असला पाहिजे. पुढें मुदलियार आयोगानें १९५३ सालीं दहावी होऊन येणाऱ्यांसाठीं एक वर्षाचा पूर्व-विद्यापीठीय अभ्यासक्रम सुचविला, आणि 'प्री-युनिव्हर्सिटी' हें वर्ष आमच्या वडील पिढीच्या बोलण्यांत कायमचें बसलें. १९७५ पासून महाराष्ट्रांत दहा-अधिक-दोनची रचना आली, ओसरीचें कनिष्ठ महाविद्यालय झालें, आणि हळूहळू त्या ओसरीवर इतकी गर्दी झाली कीं, ती घरांत शिरण्यासाठीं बांधली होती याचाच विसर पडला. आज अकरावी-बारावी ही प्रवेशपरीक्षांची रणभूमि आहे. तेथें कॉलेजांत कसें शिकावें हें कोणी शिकवीत नाहीं.

व्यवसायमार्गदर्शनाचें काम प्रथम शहरांत उभें राहिलें. कलकत्ता विद्यापीठानें १९३८ सालीं उपयोजित मानसशास्त्राची शाखा काढली. मुंबईंत १९४१ सालीं बाटलीबॉय यांची आणि १९४७ सालीं पारशी पंचायतीची मार्गदर्शन-कचेरी निघाली. १९५० सालीं मुंबई सरकारनेंहि आपली कचेरी उघडली. १९५६ सालीं आमचा जिल्हा मुंबई राज्यांत आला, तरी ह्या सोयी मुंबईंतच होत्या. भंडाऱ्याच्या मुलाला त्यांची गंधवार्ता नव्हती.

या सर्वांचा मेळ घालणारी शिफारस केली कोठारी आयोगानें. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आमच्या कोल्हापूरकडचे. विद्यार्थ्यांची सेवा ही दयाबुद्धीची बाब नसून शिक्षणाचा अविभाज्य भाग आहे, अशी आयोगाची भूमिका होती. वर्षारंभीं नव्या विद्यार्थ्यांसाठीं परिचयाचे कार्यक्रम असावे, प्रत्येकाला एक सल्लागार अध्यापक असावा, हजार विद्यार्थ्यांमागें निदान एक समुपदेशक असावा, आणि व्यवसायाचा सल्ला व नोकरीची माहिती देण्याची सोय असावी, हें सारें त्यांत लिहिलेलें आहे. साठ वर्षें होत आलीं. आमच्या ग्रामीण महाविद्यालयांत हजारांमागें एक समुपदेशक नेमलेला मीं तरी पाहिलेला नाहीं. रिकाम्या जागा भरण्यासच पैसा नाहीं, तेथें नवीन पद कोण देणार? विद्यापीठ अनुदान मंडळाच्या योजनांतून 'करिअर अँड कौन्सेलिंग सेल' निघाले. एका कपाटावर पाटी लागली, एका प्राध्यापकाच्या नांवावर काम चढलें, आणि अहवालाचा एक रकाना भरला गेला. मीं स्वतः चार वर्षें असा रकाना भरला आहे, म्हणून हें लिहिण्याचा मला अधिकार आहे.

पुढें याला वेग आला तो, दक्षिण कॅरोलिनांत आला तसाच, एका आघातानें. २००९ सालीं हिमाचल प्रदेशांत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळें मृत्यू झाला आणि देश हादरला. त्या वर्षीं अनुदान मंडळानें जे नियम केले त्यांत, नव्या विद्यार्थ्यांचे लहान गट करावे व प्रत्येक गट एका अध्यापकाकडे सोंपवावा, असें बंधन घातलें. २०११ सालीं गांधीनगरच्या आय. आय. टी.नें नवागतांसाठीं पांच आठवड्यांचा पाया-कार्यक्रम सुरू केला, ज्यांत पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून खेळ, कला, समाजकार्य आणि परस्परपरिचय यांना स्थान दिलें. २०१६ सालीं काशीच्या आय. आय. टी.नें असाच प्रयोग केला. तंत्रशिक्षण परिषदेनें मग अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठीं तीन आठवड्यांचा कार्यक्रम ठरविला, आणि २०१९ सालीं अनुदान मंडळानें सर्वच महाविद्यालयांसाठीं 'दीक्षारंभ' या नांवाची मार्गदर्शिका काढली. नांव सुंदर आहे. पूर्वींच्या काळीं समावर्तन म्हणजे विद्या संपवून निघण्याचा विधि थाटानें होई. आतां आरंभाचाहि विधि असावा, हा विचार मला मनापासून आवडला.

आतां या दीक्षारंभाचें भंडाऱ्यांत काय होतें तें सांगतों.

मनोहरभाई पटेल या, स्वतः फारसें शिक्षण न मिळालेल्या गृहस्थानें १९५८ सालीं गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली. तेव्हां गोंदिया याच जिल्ह्यांत होतें, निराळें झालें तें १९९९ सालीं. या संस्थेच्या व इतरांच्या प्रयत्नांनीं गोंदिया, भंडारा, तुमसर, साकोली अशीं ठिकठिकाणीं महाविद्यालयें उभीं राहिलीं. वरठीचा प्रवास संपला. मुलींना तर या एकाच गोष्टीनें उच्च शिक्षणाचें दार उघडलें, कारण मुलगी नागपुरास ठेवावयास जो बाप तयार नव्हता, तो तिला एस. टी.च्या पासावर तालुक्याला पाठवूं लागला. परंतु अंतर संपलें म्हणजे उंबरठा संपला असें नव्हे. ज्या घरांत बारावीहि पहिल्यानेंच झाली, त्या घरची मुलगी सकाळीं सहाच्या गाडीनें येते, दुपारीं दोनच्या गाडीनें जाते, आणि महाविद्यालय म्हणजे दोन गाड्यांमधील चार तास, एवढाच तिचा संबंध राहतो.

त्यांत दीक्षारंभाचे दिवस येतात जुलईंत. ज्यानें हें वेळापत्रक ठरविलें त्यानें धानाचें बांध पाहिलेलें नसावें. जुलई आणि ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे रोवणीचे दिवस. आभाळ फुटलें कीं चिखल तयार करावा, पऱ्हे उपटावे आणि हात मिळतील तितके हात बांधींत उतरवावे. ती वेळ चुकली तर वर्ष चुकतें. रोवणीच्या मजुरींतूनच कित्येक मुली आपल्या प्रवेशाची फी व पुस्तकें उभीं करतात. म्हणून दीक्षारंभाच्या सभागृहांत पहिल्या रांगांवर शहरांतलीं मुलें असतात, मागचीं बाकें रिकामीं असतात, आणि ज्यांच्यासाठीं तो विधि सर्वांत अधिक हवा तींच मुलें त्या वेळीं गुडघाभर चिखलांत असतात. ऑगस्टच्या अखेरीस तीं वर्गांत येतात तेव्हां ओळख करून देणारे निघून गेलेले असतात, आणि हजेरीपुस्तक तेवढें उघडें असतें.

येथें मला स्वतःविषयीं एक कबुली द्यावयाची आहे. १९९६ सालीं मी नोकरींत नवा होतों. पहिल्या वर्षाच्या वर्गांत इतिहासाच्या तासाला मीं विचारलें, वैनगंगेच्या कांठीं पवनीसारखीं जुनीं नगरें कां वसलीं असतील? मागच्या बाकावरचा एक सांवळा मुलगा उठला आणि म्हणाला, "पानी होता म्हनून, सर." उत्तर बरोबर होतें. परंतु 'पानी' आणि 'म्हनून' ऐकून पुढच्या बाकांवर हंशा पिकला. आमच्या झाडीबोलींत 'ण' नाहीं, हें मला ठाऊक होतें. मी स्वतः लाखनीकडच्या खेड्यांतला, माझ्या आईच्या तोंडींहि 'पानी'च होतें. मला तेवढेंच सांगावयाचें होतें कीं, उत्तर उत्तम आहे आणि ही बोली आपलीच आहे. तें न करतां, नागपुरांत कमावलेल्या माझ्या शुद्ध भाषेच्या तोऱ्यांत, मीहि थोडासा हंसलों. तो मुलगा पुढें आणखी कांहीं दिवस आला. मग येईनासा झाला. हजेरीच्या रकान्यांत मीं आडवी रेघ मारली आणि विसरून गेलों.

दोन वर्षांपूर्वीं, २०२४ च्या प्रवेशाच्या गर्दींत, एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या टेबलाशीं आले. मुलीला मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचा विषय अशा याद्या दिल्या होत्या, आणि तिला त्यांतलें कांहीं कळत नव्हतें. मी समजावून सांगत असतां ते सहज म्हणाले, "मी बी होतो सर ह्याच कालेजात. दोन मयने. मंग रोवना लागला न् राह्यलो घरीच." आवाज मला ओळखीचा वाटला, आणि मग चेहराहि. त्यांनीं मला ओळखलें होतें कीं नाहीं, तें मला कळलें नाहीं. रोवणीचें कारण त्यांनीं सांगितलें. हंशाचें सांगितलें नाहीं. मलाहि तें काढण्याचें धैर्य झालें नाहीं. मी एवढेंच म्हणालों, "तुम्ही बसा. आपण सावकाश पाहूं." त्या दिवशीं एका मुलीचे विषय निवडण्यास मला पाऊण तास लागला. मागें रांग लांबली आणि कारकून माझ्याकडे रागानें पाहत होता.

हें सांगण्याचें कारण भावनेचें नाहीं, इतिहासाचें आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत नवें शैक्षणिक धोरण लागू झालें. एलियट यांनीं हार्वर्डमध्यें जें केलें, तें एका अर्थानें दीडशें वर्षांनीं साकोली-तुमसरला येऊन पोंचलें. अठरा वर्षांच्या मुलापुढें विषयांची यादी आली, मध्येंच बाहेर पडण्याच्या व परत येण्याच्या वाटा आल्या, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आला. निवड आली, सल्लागारांचें मंडळ मात्र आलें नाहीं. आणि निवड आहे पण सल्ला नाहीं, अशा ठिकाणीं पुन्हां तेंच घडतें जें १८८५ सालीं घडत होतें: ज्याला नातें आहे त्याला वाट मिळते. शिक्षकाचा मुलगा विचार करून विषय घेतो. मजुराची मुलगी, मैत्रिणीनें घेतला तो घेते. स्वातंत्र्य सर्वांना सारखें दिलें तरी त्याचा उपयोग करण्याची शक्ति सारखी दिली नाहीं, तर तें स्वातंत्र्य जुन्या विषमतेवरच नवा रंग चढवितें.

मग करावें काय? मोठा खर्च करावा असें मी म्हणत नाहीं. तीन गोष्टी मात्र इतिहासानेंच दाखविल्या आहेत. पहिली, हा आठवड्याचा सोहळा नसावा. पहिलें सत्र पुरें होईपर्यंत चालणारा, आठवड्याला एक तासाचा, गुण असलेला विषय असावा, म्हणजे रोवणी आटोपून आलेल्या मुलीलाहि तो सांपडेल. रीड कॉलेजनें १९११ सालीं जें केलें तें आपल्याला अशक्य कां वाटावें? दुसरी, तो शिकविणाऱ्यालाच आधीं शिकवावें. १९९६ सालीं मला कोणी एवढेंच सांगितलें असतें कीं, पहिल्या महिन्यांत मागच्या बाकावरून आलेलें उत्तर हें उत्तर नसतें, तो एक दार ठोठावण्याचा आवाज असतो, तर बरें झालें असतें.

तिसरी गोष्ट व्यवसायाची. आमच्या मार्गदर्शन-वर्गांत पुण्या-मुंबईच्या नोकऱ्यांच्या ध्वनिचित्रफिती दाखवितात आणि स्पर्धा-परीक्षांचीं पत्रकें वांटतात. पार्सन्सची दुसरी पायरी, भोंवतालचे धंदे ओळखणें, ही आम्ही गाळूनच टाकली आहे. या जिल्ह्यांत चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे. साकोलीला धानाचें संशोधन केंद्र आहे. आंधळगांव-मोहाडीकडे कोशाचें विणकाम आहे. भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यांचा लौकिक पिढ्यान्‌पिढ्या आहे. मालगुजारीच्या काळांत बांधलेले शेंकडों तलाव आहेत आणि त्यांवर जगणारे ढीवर आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्षांतून चार वेळां एस. टी.नें नेऊन हें दाखविलें, तेथल्या अभियंत्याशीं, विणकराशीं, कोळ्याशीं बोलूं दिलें, तर 'बी. ए. होऊन काय करूं?' या प्रश्नाला एकच उत्तर उरणार नाहीं. ढीवराचा मुलगा मत्स्यशास्त्राकडे वळेल किंवा वळणार नाहीं, तो त्याचा प्रश्न; पण आपल्या बापाच्या ज्ञानालाहि विद्यापीठांत एक नांव आहे, एवढें त्याला कळलें तरी तो वर्गांत ताठ बसेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो माझेच सहकारी घेतात. ते म्हणतात, आम्हांला कोणी हात धरून शिकविलें नाहीं, आम्ही शिकलोंच ना? मी त्यांना त्यांच्या गांवच्या शाळेंतल्या वर्गमित्रांचीं नांवें विचारतों. दहा-वीस नांवें ते भरभर सांगतात. मग त्यांतले किती जण पदवीधर झाले असें विचारलें म्हणजे ते गप्प बसतात. आम्ही शिकलों हें खरें. पण आम्ही नालंदेच्या द्वारपालापासून सुटलेले दहांतले दोन-तीन आहोंत. उरलेल्या सात-आठांची बुद्धि कमी होती, असें म्हणण्यास माझ्यापाशीं पुरावा नाहीं. एकाची कमी नव्हती, एवढा पुरावा मात्र माझ्यापाशीं आहे.

ती मुलगी आतां दुसरें वर्ष संपवीत आहे. मुख्य विषय तिनें इतिहास घेतला आहे. पहिल्या वर्षीं रोवणीच्या दिवसांत ती आली नाहीं, आणि मीं तिच्या नांवापुढें रेघ मारण्याऐवजीं तिच्या वडिलांना दूरध्वनि केला. "येईल सर," ते म्हणाले, "चार दिस द्या." पांचव्या दिवशीं ती आली. पायांना अजून चिखलाचा रंग होता. मागच्या बाकाकडे निघाली होती, तिला मीं पुढें बसविलें.